हिरोचा हिरवा चेहरा

बुधवार, ८ जानेवारी १९७५

दिवाळीत घेतलेली वही. रोज लिहीन म्हणालो होतो! आजवर नुसतं माझं नाव टाकून ठेवलं होतं — रुपराव — तेही ब्रशनं, अक्षरांना सावली देऊन. मग त्यावर चहा सांडला आणि तो डाग कसा पसरतो ते पाहत बसलो. असं होतं माझं.

आज लिहितो, कारण काल जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. इथल्या बर्डी भागात एक प्राध्यापक परदेशी सिनेमे दाखवतात. पडद्यासाठी पांढरं कापड मागायला ते आमच्या पेंटिंगच्या दुकानात आले. कापड बांधून द्यायला उस्तादांनी मला धाडलं. बांधलं आणि तिथंच भिंतीशी बसलो. भाषेतलं एक अक्षर समजलं नाही. पण चित्र! एक माणूस खोलीत बसलेला. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. बाकी सगळा पडदा रिकामा — नुसती एक लाल भिंत. भिवापूरला मिरचीची पोती वाहायचो तेव्हा वाळत घातलेली मिरची दुपारी अशी दिसायची. नजर दुसरीकडे जातच नसे. (शिंकाही यायच्या. ते असो.)

आम्ही टॉकीजचे बॅनर रंगवतो. आमच्यात रिकामी जागा म्हणजे कामचुकारपणा. हिरो, हिरॉइन, पिस्तूल, मोटार, आग — कोपरासुद्धा सोडायचा नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

उस्तादांचे मोठे भाऊ आजारी, उमरेडहून निरोप आला. उस्ताद म्हणजे चंद्रभान पेंटर. ते आज गेले, आणि पुढच्या शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमाचा बॅनर माझ्यावर! आजवर चेहऱ्याला हात लावू दिला नव्हता. अक्षरं आणि आभाळ, एवढंच माझं. जाताना म्हणाले, "फोटोवर चौकोन आखून देल्ले आहेत. पाहून पाहून भरजो. डोकं चालवू नको."

सोमवार, १३ जानेवारी

डोकं चाललं.

एकच चेहरा केला. हिरोचा. अर्धा काळा, अर्धा हिरवा. मागं लाल. खाली सिनेमाचं नाव. बस्स! हिरॉइन नाही, मोटार नाही.

आमच्या धंद्यात हिरो गुलाबी असतो. हिरवा चेहरा खुन्याचा, दगाबाजाचा. वाचता येत नसलं तरी माणूस रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. मला का ठाऊक नाही? पण गुलाबी त्या लालात विरघळून जात होता. हिरवा लावला आणि चेहरा उभाच राहिला!

उस्तादांच्या घरच्या, मनकर्णाकाकू, तीळ निवडता निवडता बाहेर आल्या.

"काहून गा रुप्या, हिरोनं जहर पेलं का?"

"काकू, ही नवीन तऱ्हा आहे. बाहेरच्या देशातली."

"तऱ्हा तुह्या बापाच्या भिंतीवर कर. ही टॉकीज हातची गेली तं आमची चूल कशी पेटन?"

खरं आहे. उस्तादांचं निम्म्याहून जास्त काम त्या एका टॉकीजचं. तरी पुसलं नाही. दोनदा चिंधी उचलली. ठेवून दिली.

गुरुवार, १६ जानेवारी

थंडीनं तेलरंग वाळत नाही. उस्ताद अजून उमरेडलाच.

शुक्रवार, १७ जानेवारी

बॅनर चढला. दोर आवळत होतो तोवर खाली गर्दी. एक रिक्षावाला ओरडला, "अबे, या बार हिरोच खुनी आहे!" मी हसलो. सिनेमा मी कुठं पाहिला होता!

पहिला शो सुटला आणि टॉकीजचे मॅनेजर भैय्याजी यांनी माझी कॉलरच धरली. खुनी कोण, ते शेवटच्या रिळात कळतं. आणि खुनी हिरोच आहे!! पडद्यावर तो आला रे आला की पब्लिक ओरडतं — आला खुनी!

"किसने बताया तेरे को? रीलों की पेटी तो आज सुबह खुली!"

"कोणीच नाही भैय्याजी. मले लालावर हिरवा बरा दिसला."

"बरा दिसला! शेठनं पिक्चर उठवली तं टॉकीज तू चालवशील का बे? सोमवारी चेहरा गुलाबी पाहिजे. नाही तं ही भिंत दुसऱ्या पेंटरची. सांग तुझ्या उस्तादले!"

शेठ म्हणजे अमरावतीचे. सगळ्या वऱ्हाडात आणि इकडंही सिनेमे त्यांच्याकडून येतात. ते गादी सोडत नाहीत, म्हणतात; नुसती तार करून चालती पिक्चर उतरवायला लावतात.

उस्तादांना मी काय सांगू?

रविवार, १९ जानेवारी

उस्ताद एसटीतून उतरले ते पिशवीसकट टॉकीजवर. समोरच्या पानठेल्याशी उभे राहून वर पाहत होते. मी मागं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हिरवा कोणाचा असते, ठाऊक होतं का नव्हतं?"

"होतं."

"मंग?"

मग मी सगळं सांगितलं. तो सिनेमा, ती लाल भिंत, रिकामा पडदा. ऐकून घेतलं. म्हणाले, "जागा चांगली सोडली." बस. आणि रस्ता ओलांडून भैय्याजींपुढं हात जोडले. देवापुढंही अर्धेच जोडणारा माणूस!

मॅटिनी सुटली तेव्हा एक बाई सोबतच्या बाईला सांगत होती, "आपल्याले ठाऊक आहे वं तो खुनी, अन् थे बिचारी त्याच्याच हातचा चहा पिऊन राहिली! माहे तं हातपाय गार पडले. उद्या सासूले घेऊन येतो." मी पळत जाऊन भैय्याजींना सांगितलं. "चूप बैठ," म्हणाले.

सोमवार, २० जानेवारी

पहाटे पळून जायला निघालो होतो. स्टेशनवर गोंदियाची गाडी लागलेली. डब्यांवर नंबर टाकणाऱ्या माणसाचा हात किती सरळ जातो ते पाहत राहिलो आणि गाडी गेली.

परत आलो तर उस्ताद बांबूवर चढत होते. गुलाबी डबा कमरेला, उजवा हात तर खांद्याच्या वर जातही नाही त्यांचा. मी खाली ओढलंच त्यांना. म्हणालो, माझ्या हातानं झालं, माझ्या हातानं जाऊ द्या.

हिरव्यावर गुलाबी एका हातात बसत नाही, मळकट दिसतो. दुसरा हात दिला. डोळ्याशी आलो तेव्हा थोडा वेळ थांबलो. खालून उस्ताद म्हणाले, "भर." भरला. मागच्या लालात मोटार आणि पिस्तूलही टाकलं. आता तो कोणत्याही हिरोसारखा दिसतो.

भैय्याजी खूश. भिंत उस्तादांकडेच राहिली. काकूंनी मला पोळी वाढली.

मंगळवार, २१ जानेवारी

काकू आत्ता धापा टाकत आल्या. अमरावतीचे शेठ आले आहेत! स्वतः! पहिल्या तीन दिवसांचा गल्ला ऐकून मोटारीतून, सोबत फोटोवाला घेऊन. टॉकीजसमोर उभे आहेत आणि भैय्याजींना विचारून राहिले — हिरवा चेहरा कुठं आहे? सगळ्या गावांत तसाच लावायचा आहे मले!