या वर्षी वाचनाची पाळी आपल्या घराची

प्रिय धाकटे,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीने, हुरळून जाऊ नकोस. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. नाताळाला लेकराला घेऊन घरी येऊ का, असं विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर ‘नको’ असं होतं आणि तेवढ्यासाठी पाकीट आणायचाही मला कंटाळा आला. नाताळ परवा झाला. आता लिहितेय.

आधी ऐकून घे. सहा वर्षांपूर्वी तू आपलं छप्पर दुरुस्त करायला आलेल्या त्या छप्परवाल्याबरोबर निघून गेलीस, तेव्हा बाबांना झटका येऊन जेमतेम महिना झाला होता. अर्धं अंग गेलेल्या माणसाला उचलायला दोघं लागतात. मी एकटीने उचललं. आधी एका कुशीवर वळवायचं, पाठीखाली चादर सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर. दिवसभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी, घरी आल्यावरही चादरीच. माझी कंबर गेली, लग्न राहिलं, आणि तू मला दर नाताळाला चांदण्या चिकटवलेलं कार्ड पाठवत राहिलीस, की देव तुला आनंद देवो. देव देईल गं, पण तू एक दिवस येऊन बाबांची कूस बदलली असतीस तर देवाचंही काम जरा हलकं झालं असतं. आता तो छप्परवाला तुला टाकून गेला, तेव्हा ताई आठवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आणि यातलं गाढव कोण ते मला चांगलं कळतं.

दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले. तू मातीला आली नाहीस. वर दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसा धुलाईखान्याचा बॉयलर बसला आणि आम्हा सगळ्यांना निम्म्या दिवसांवर आणलं. आणि तुला आपल्या चर्चची रीत आठवत असेलच. वर्षभरात ज्या घरातून माणूस गेलं, त्या घराने नाताळाच्या सकाळी उभं राहून तारणाऱ्याच्या जन्माची गोष्ट वाचायची. पाळकसाहेब सांगायला आले तेव्हा मी त्यांना तोंडावर म्हटलं, ही रीत ज्याने काढली त्याच्या घरात कधी कोणी मेलं नसणार. ते म्हणाले, त्याची तीन मुलं गेली होती. वाचते म्हटलं. सरावाला मात्र गेले नाही. सगळ्या जगावर राग होता, देवावर तर होताच.

नाताळाच्या सकाळी उभी राहिले, खुणेची फीत होती तिथे पुस्तक उघडलं आणि पानाच्या डोक्यापासून वाचायला लागले. तिथेच चुकलं. जन्माची गोष्ट बरीच खाली सुरू होते, वर नुसती वंशावळ आहे. ह्याला तो झाला, त्याला हा झाला, अशा बेचाळीस पिढ्या. सरावाला गेलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं. माझ्या दुसऱ्या ओळीलाच लक्षात आलं, पण थांबले तर चूक कबूल करावी लागणार, आणि ते आपल्या घरात कोणाला जमलंय? वाचत राहिले. एकेक नाव असं की जिभेला गाठ पडावी. लोक चुळबुळायला लागले. विसाव्या पिढीपाशी पहिल्या बाकावरचा बेकरीवाला शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, एवढ्या पाहुण्यांना मी पाव कुठून आणू? त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याचं कानातलं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत जातं. आणि मी हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. पुस्तकावर हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. सगळेच हसले, पाळकसाहेबसुद्धा.

मग पुढचं वाचलं, पण आता ऐकत वाचलं, आणि मागे वाचून झालेली नावंही आठवायला लागली. काय एकेक माणसं आहेत गं त्या यादीत. सासऱ्याला फसवणारी सून. शरीर विकणारी बाई. दुसऱ्याची बायको आणून तिच्या नवऱ्याला मारवणारा राजा. आपल्या घराण्यातून आपण त्यांना पहिल्या फटक्यात खोडलं असतं. देवाने एकालाही खोडलं नाही, आणि त्याच घराण्यात आपलं बाळ पाठवलं. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, कारण तो व्हावा असं काहीच नव्हतं. काम निम्मं, चूल निम्मी, बाबांची खाट रिकामी, आणि तरी आनंद झाला. काल चादरींच्या घड्या घालतानाही तो होता. पण त्याच्याबरोबर एक टोचणी आली, ती काही केल्या जाईना.

म्हणून हे पत्र. तू मातीला आली नाहीस हे मी सगळ्या मंडळीला सांगितलं. तुला येता येणारच नव्हतं, हे सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात बाबा तुझं नाव घेत होते. मला हाक मारताना त्यांची जीभ अडायची, तुझं नाव मात्र स्वच्छ यायचं. ते मला सोसलं नाही. तुला बोलावणारं पत्र मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं, वाचून दाखवलं, आणि पेटीत टाकलं म्हणून खोटंच सांगितलं. बाबा दाराकडे बघतच गेले. पत्र मी मातीनंतर चौथ्या दिवशी टाकलं. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख तू पाहिली असशील, तरी तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, आणि त्याचाही मला रागच आला. पाळकसाहेबांना मी काल सगळं सांगितलं. रविवारी त्याच जागी उभं राहून मंडळीला सांगणार आहे. त्यानंतरच्या सोमवारी लेकराला घेऊन ये. तोवर लोकांना वाकड्या नजरेने बघायला तुझ्याऐवजी मी मिळालेली असेन.

अजून रागातच, तरी तुझीच,
ताई