उंदीरमारीची चाचणी, निडी

२ डिसें.
स. पेणहून गाडीनं निडी, माझंच गाव. भातकापणी उरकली, वाल उगवतोय, बांधात उंदरांची बिळंच बिळं. उंदीरमारीच्या झाडाच्या सालीबरोबर शिजवून आंबवलेले तांदूळ चाचणीच्या दोन्ही प्लॉटांत ठेवले. वास डोक्यात बसलाय. शेतकऱ्यांच्या सभेत मीच बोलले, "झाडपाल्याचं आहे, घाबरू नका." तेच फळ्यावर लिहून बांधावर लावलं.

५ डिसें.
तेच तांदूळ घालून पाहिलेल्या कोंबड्या ठणठणीत. बादलीतले मासेही. ऑफिसातले साहेब खूश: "निसर्गाला धक्का नाही, असं लिहा." लिहिलं.

६ डिसें.
तांदूळ संपतायत, पण मेलेले उंदीर सापडत नाहीत. साहेब फोनवर, "कोल्ह्यानं नेले असतील. अहवालात तसं टाका." टाकलं. घरी आले, जेवले, झोपले.

८ डिसें.
कोल्हा कसला! कातकरीवाडीवरची सुगंधीकाकू. कापणी झाली की दरवर्षी बांध उकरून उंदीर काढते, घरात भाजून खातात. लहानपणापासून पाहिलंय मी. तरी डोक्यात आलं नाही. सभेला ज्यांची जमीन त्यांनाच बोलावलं. वाडीवर कुणाची जमीन नाही, म्हणून तिकडे कुणी गेलंच नाही.
"यंदा सुस्त हाईत, हातानंच गावतात," काकू हसत होती.
"अगो काकू, विष खाल्लंय त्यांनी!"
"झाडपाल्याचा हाय ना? फळा तूच लावलास गो. सुनेनं वाचला."
सून पोटुशी, सातवा. तिनंही खाल्लेत. दोन दिवस हिरड्यांतून रक्त येतंय म्हणाली. हे विष रक्त गोठू देत नाही.

९ डिसें.
सुनेला रोह्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "नेमकं काय खाल्लं?" सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग रक्त तपासायला घेतलं.
दुपारी उरलेले तांदूळ उचलले, न विचारता. साहेब: "अहवाल कशाला बिघडवता? तक्त्यात माणसाचा रकाना आहे का?" नाहीये. कोंबडी, कुत्रा, घुबड, मासा. रडू यायला हवं होतं. आलं नाही.

१० डिसें.
सुनेचा रक्त गोठण्याचा रिपोर्ट उद्या. अंगात रक्त थोडं कमी म्हणे. वाडीवर घरोघर सांगत फिरले, उंदीर खाऊ नका. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.
काकूच्या चुलीवर नुसती पेज.
"मंग गो, कवापास्नं खायाला चालतील?"
ते आम्ही तपासलेलंच नाही. विचारून सांगते म्हटलं. कुणाला विचारू?