सगळ्यांना माझंच पान

मंगळवार, १२ ऑगस्ट. विजयनगर, म्हैसूर.

मी सांभाळते ती इथल्या मराठी मंडळाची वधू-वर साइट फार रखडते म्हणून दुपारी सर्व्हरवरचं पानं पुरवणारं जुनं सॉफ्टवेअर, अपाची, काढून त्याजागी चपळ एनजिनएक्स बसवलं. तेवढ्यावर थांबले असते तर! पण हौस. एकदा तयार झालेलं पान साठवून ठेवायचं आणि पुढच्याला तेच द्यायचं, ही सोयही चालू केली. चाचणी माझ्याच लॉगिनने घेतली. पान क्षणात उघडलं. मी खूश.

सहाला मंडळातल्या सुलभाकाकूंचा फोन. "अय्यो, काय पळतीय ग साइट! पण मला तुझं पान का दिसतंय? नकारात माझ्या प्रशांतचं नाव, अल्वा? हो की नाही?"

साठवलेलं पान माझं होतं. दुपारपासून जो आला त्याला तेच मिळालं. माझी स्थळं, माझे नकार आणि फक्त स्वतःसाठी लिहिलेली कारणं. लॉगिननंतरची पानं साठवायची नसतात, हे ऑफिसात मी इतरांना शिकवते. मी!

प्रशांतपुढे लिहिलं होतं, 'हा बोलतच नाही, आईच बोलते.' भेटीत दीड तास काकूच बोलल्या, हे खरं. पण लिहायचं कशाला? 'आईच बोलते.' देवा!

फोन कानाला धरूनच ती सोय बंद केली, साठवलेलं सगळं पुसलं. साइट पुन्हा रखडायला लागली. रखडू दे.

मग धीर करून म्हटलं, "काकू, प्रशांतला फोन द्या ना. मला त्याची माफी मागायचीय."

"इथंच बसलाय तो," काकू म्हणाल्या. "काय ते मला सांग."