कडुलिंबाला टांगलेलं नायोबियम

९ जानेवारी १९७७, पिंगळी

स्टेशनातच रडारड! मी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं भांडं छातीशी धरून उतरलो, तर सासरच्या लिंबाजीमामांनी टोपी काढून हात जोडले. मला वाटलं, मला. नमस्कार भांड्याला होता!

सासूबाईंनी दारातच अडवलं — "अस्थी उंबऱ्याच्या आत नका आणू, जावईबापू." मेव्हण्याने, बन्सीधरने, भांडं अंगणातल्या कडुलिंबाला टांगलं. बायांनी गळा काढला.

आत माझी बायको पंचफुला नाही. ते मुळात भांडंही नाही — कणांना वेग देणाऱ्या यंत्राचा पोकळ भाग, नायोबियम धातूचा. हैदराबादेत वेल्डिंग करून आणला. मुंबईच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हेलियममध्ये थंड करायचा, मग विजेला अडथळा जवळजवळ उरत नाही. आत धुळीचा कण गेला की चाचणी बाद.

सांगायला तोंड उघडलं. सगळे फांदीखाली पाया पडत होते. उद्या सांगू.

पंचफुला असती तर हसून लोळली असती.

१० जानेवारी

भेटायला आलेल्यांना चहा हवा, बातमी हवी. "मुंबईत विजेवर जाळतेत म्हणं. मग राख किती उरायची?" "भांडं तर लय मोठं हाय की!" मी बसलेला असताना!

कापडावर कावळा बसला. चोच मारू लागला. मी खडा फेकला. लिंबाजीमामा ओरडले, "अहो, शिवायलाय त्यो! हाकलू नका!" सगळ्यांना आनंद — पंचफुलाची इच्छा पुरी झाली म्हणे. कापड फाटलं नाही, एवढंच माझं पुरं झालं.

११ जानेवारी

सासूबाईंनी फांदीखाली पणती ठेवली. काजळी! मी पणती फुंकून विझवली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

उद्या दहावा. गंगाखेडला त्या 'अस्थी' गोदावरीत सोडणार आहेत.

पंचफुलाला अग्नी दिला त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतले साहेब घरी आले. "दुःख आहेच हो, पण हैदराबादची वेल्डिंगची पाळी चुकली तर सहा महिने थांबावं लागेल." दगड! शोधनिबंधावर पहिलं नाव यांचंच लागणार. आणि मी मुकाट हैदराबादला गेलो. तिच्या अस्थी मुंबईच्या स्मशानात, फळीवरच्या मडक्यात आहेत. राखणदाराला म्हणालो, येतो चार दिवसांनी. इथे उतरलो तो फक्त दहाव्यासाठी.

१२ जानेवारी, गंगाखेड

एस.टी.त भांडं सासूबाईंच्या मांडीवर. खड्डा आला की दोन्ही हातांनी अधांतरी धरायच्या. आमच्या प्रयोगशाळेत इतकं कुणी जपत नाही.

अजून सांगितलेलं नाही. भटजी आले. हाक मारतायत.

१३ जानेवारी, परभणी स्टेशन

काल घाटावर भटजी म्हणाले, कापड सोडा. सासूबाईंनी गाठ सोडली, झाकणाला हात घातला. मी ओरडलो — "उघडू नका! आत धूळ जाईल!"



"धूळ?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लेकीची आता धूळच झालीय की, जावईबापू."

मग सगळं सांगितलं. बन्सीधर अंगावर आला. सासूबाईंनी त्याला हातानेच मागे सारलं. कापड पुन्हा गुंडाळलं, गाठ पक्की मारली, भांडं माझ्या हातात दिलं.

"तुमचं तुमी न्या. माझी लेक तेवढी आणून द्या."