उमाजींचा पेला

मी, सुचेता श्रीरंगराव मोकाशी, वय ५३, राहणार के. आर. पुरम, बेंगळूरु, पूर्ण शुद्धीवर असून प्रथम तक्रार नोंदवते: न्यासाच्या कचेरीतली माझी खुर्ची दर पंधरा मिनिटांनी दोन बोटं खाली जाते. गरिबांसाठी घरं उभी करणाऱ्या आमच्या संस्थेला अकरा वर्षांत एक खुर्ची उभी ठेवता आलेली नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. खुर्ची आहे तशीच राहील. म्हणून हे लेखन. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; तशी कोणाची हिंमतही नाही.

१. सदर खुर्ची आमचे अध्यक्ष अभिमन्यू यांस. भाषण करताना ते फार वर जातात.

२. पुस्तकं भाचा अद्वैत यास. फ्लॅट त्याला नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीत त्याचे दोन आहेत, त्यांतल्या एकात फक्त सायकल राहते.

३. माझ्या खणातला ‘घर बंद आढळले’ हा रबरी शिक्का फोडून टाकावा. तो मीच करवून घेतला. नियमही माझाच: अर्जदाराची राहती खोली तपासायला तीनदा जायचं, तिन्ही वेळा कुलूप दिसलं की अर्ज रद्द.

४. माझा स्वकष्टार्जित दोन खोल्यांचा फ्लॅट श्रीमती भाग्यलक्ष्मी यांस, पूर्ण मालकीने. पाटी लावू नये, फोटो काढू नये. कारण द्यायची गरज नाही, असं माझी वकील मैत्रेयी म्हणते. मला आहे.

त्यांचे पती उमाजी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रात्रपाळीला होते. खोलीची भिंत फुगली, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडे घर मागितलं. मी तीनदा गेले, तिन्ही वेळा सकाळी अकराला. कुलूप. तिसऱ्यांदा शेजारणीने ताकाचा पेला पुढे केला.

“भाग्यक्कानं ठेवलंय तुमच्यासाठी. स्वल्प थांबा की, दुपारी एकला येते ती किल्ली घेऊन.”

“मला मीटिंग आहे,” मी म्हटलं. विषय होता, ‘अर्जदारांचं ऐकून घेणे’.

ताक पिताना खोकला ऐकू आला. पलीकडच्या खोलीतला असेल, असं मी ठरवलं आणि शिक्का मारला.

चार महिन्यांनी भरदिवसा भिंत पडली. लोकांनी कुलूप तोडलं. उमाजी आत होते.

“दिवसा झोपायचे ते, अक्का,” भाग्यलक्ष्मी मला म्हणाल्या. “सारखं कोण ना कोण दार वाजवतंय, म्हणून मी बाहेरून कुलूप घालून कामाला जायची. तुम्ही आलता तेव्हा जागे होते. आतनं ओरडणं बरं दिसंना त्यांना. ‘मुद्दाम खोकलो गं, बाईंना कळावं म्हणून,’ म्हणाले.”

तेव्हापासून सकाळी अकराला माझ्या दाराबाहेर कोणीतरी खोकतं. उघडून बघते, जिना रिकामा असतो. आताशा मी बाहेरून कुलूप लावत असले की खोकला आतून येतो.

५. बँकेतली रक्कम न्यासास, एका अटीवर: तपासणीला संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी जावं. दार वाजवावं, हाक मारावी आणि थांबावं. “काम लांबेल,” असं अभिमन्यू म्हणतील. लांबू दे.

६. ताकाचा तो स्टीलचा पेला त्या दिवशी घाईत माझ्या पिशवीतून आला. त्यावर ‘उमाजी’ असं कोरलंय. तो या मृत्युपत्रात धरू नये. मेल्यावर परत करणं ही पळवाट झाली.

सहीपूर्वी, हाताने: आज संध्याकाळी सात वाजता भाग्यलक्ष्मी यांच्या पीण्यातल्या हल्लीच्या खोलीचं दार वाजवलं. हाक मारली. थांबले. फ्लॅटचं काही बोलले नाही. त्यांनी पेला घेतला, नावावरून अंगठा फिरवला, “सरी, बरं,” म्हणाल्या, आणि फळीवर दुसऱ्या पेल्याशेजारी पालथा ठेवला.

व्यवस्थापक: ॲड. मैत्रेयी
साक्षीदार, माझ्यासोबत आलेले, दोघांदेखत सही झाली: मधुकर (न्यासाचे कारकून), अक्षरा (माझी शेजारीण)
सही: सुचेता श्रीरंगराव मोकाशी
स्थळ: पीण्या, उघड्या दारासमोर
दिनांक: रविवार, १६ नोव्हेंबर २०२५