रिकाम्या कबरीवरचा खांब

तिसाहालोम,
११ नोव्हेंबर १९७४

प्रिय देनेश,

पत्ता जुना आहे. पत्र पोचलं तर पोचलं. तू बरा असशील. यंदा आलूबुखार फार आले. दोन दिवस जॅम ढवळत होते, खांदा अजून दुखतो. नदीला पाणी कमी आहे.

बाबा गेले. उद्या तीन आठवडे होतील.

कबरीच्या डोक्याशी अजून नाव कोरलेला लाकडी खांब नाही. स्वतःचा खांब त्यांनी आधीच कोरून, डांबर फासून ठेवला होता. तो पडवीत पडून आहे. काल चर्चबाहेर गेर्गेयकाकांनी मला अडवलं.

"बोरी, अख्ख्या गावाचे खांब ज्याने कोरले तो बिनखांबाचा पडलाय. लाज कशी वाटत नाही?"

"रोवणारा यायचाय."

"कोण, देनेश? त्याचा स्वतःचाच उभा आहे की तिकडे!"

बायका हसल्या.

छप्पनच्या उठावानंतर तू सीमा ओलांडून पळालास त्या आठवड्यात मीच गावात सांगितलं, देनेश नदीत बुडाला. शाळेत माझी नेमणूक व्हायची होती. पळालेल्याच्या बहिणीला कोणी घेतलं नसतं. बाबा महिनाभर तुला शोधत काठाने फिरले. मग तुझा खांब कोरायला बसले. मार्चमध्ये तुझं टोरांटोचं पत्र आलं तेव्हा ते अंगणात तोच कोरत होते. मी पत्र एप्रनच्या खिशात घातलं आणि त्यांना जेवायला वाढलं. जाळलं नाही. माझ्या पेटीच्या तळाशी ठेवलं.

प्रत्येक खांबावर ते शेवटी एक ओळ कोरायचे: धन्य पुनरुत्थानाच्या आशेत. तुझ्या खांबावर ती नाही. मी विचारलं तर म्हणाले, "राहू दे. लाकूड ओलं आहे."

सतरा वर्षं ते लाकूड ओलंच राहिलं. मी पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांना सूप भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला सारला.

"माझा खांब देनेशने रोवायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पत्ता तुझ्याकडे आहे."

एवढंच बोलले. कधीपासून माहीत होतं, कोण जाणे. रोज माझ्या हातचं जेवत होते.

आता तुमच्यासारख्यांना येऊ देतात म्हणे. ये. मी घरात नको असेन तर तसं कळव, शाळेच्या खोलीत राहीन. आधी तुझा खांब उपट, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. मी तिथे उभी असेन. गेर्गेयकाकांनाही बोलावते.

खाली 'ताई' लिहीत नाही.

बोर्बाला