आसामकडची सोयरीक

१८ नोव्हेंबर २००१, अंबड

दिलीपचा पुन्हा फोन. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली तशी चप्पल न घालता पळाले. भाऊ लष्करात असला की फोन आला म्हटलं तरी आधी वाईटच मनात येतं. साहेब ठणठणीत. "ताई, आप्पाला सांगितलं का?" सांगितलं म्हटलं. "मंग काय म्हणले?" काही नाही, कालपासून तंबाखू मळत बसलेत.

मुलगी आसामातली. नाव जोनाली. दि.ची पलटण आहे तिथून जवळच्या गावच्या मास्तरांची. बारावी झालीय, घरी माग आहे, त्यावर विणते. गेल्या सुट्टीत दि. इकडच्या मुली बघायला का येईना, ते आता कळलं. गाढव कुठला. वर म्हणतो, तिकडं लोक आपल्यासारखेच आहेत. सगळेच आपल्यासारखे असते तर आपल्यासारखे म्हणजे काय, हे तरी कशाला बोलावं लागलं असतं. जाऊ दे.

२० नोव्हें.

अंतरवालीहून काका आले. मुलीकडच्यांचं आडनाव कलिता सांगितलं. "म्हंजे आपल्यात कोण?" कुणालाच सांगता येईना. काकांना राग पण धड येईना, कारण राग कशाचा ते ठरेना. चहा पिऊन तसेच परत गेले.

संध्याकाळी आप्पा एकदाचे बोलले. "जाऊन तोंडावर न्हाई म्हणून येऊ. फोनवर न्हाई म्हणनं बरं न्हाई. पोरीचा बाप हाये तो." म्हणजे नकार द्यायला आसाम! लोक होकार द्यायला जालन्यापर्यंत जायचा कंटाळा करतात. पण आप्पा एकदा म्हणाले की म्हणाले. मला म्हणे तू पण चल, संगं बाईमाणूस पाहिजे. आई गेल्यापासून घरात बाईमाणूस मीच.

दिवाळीची सुट्टी, मी शिकवते ती शाळा सुरू व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे सबब पण नाही.

२४ नोव्हें., गाडीत

मनमाडला गाडी बदलली तेव्हापासून नुसतं चाललोय. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. समोर एक म्हातारी बंगाली बाई. तिने मुरमुरे दिले, आप्पांनी चटणी दिली. तिने ठसका लागेस्तोवर खाल्ली आणि पुन्हा मागितली. मग तिची चौकशी सुरू. मुलं किती, घर कुणाचं, आणि शेवटी माझ्याकडं बोट करून, इसका शादी क्यों नहीं किया?

अंबडच्या स्टँडवर ज्या प्रश्नाला मी पाठ फिरवते, तो इथं बंगालात. माणसं इथून तिथून सारखीच असतात म्हणतात ते हेच असेल तर मला नको.

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना हा प्रश्न कळतो, कुठल्याही भाषेत.

२६ नोव्हें., मास्तरांच्या घरी

हसू येतंय का रडू ते समजत नाही. क्रमाने लिहिते.

सकाळी रंगिया स्टेशनवर दि. न्यायला आल्ता (मी पण त्याच्यासारखं लिहायला लागले). मास्तरांचं घर पत्र्याचं, सारवलेलं. अंगणात सुपारीची झाडं, मागं तळं, चहूकडं पिकलेला भात. आप्पा तळ्याकडंच बघत उभे. "येवढं पाणी, आन् नुसतं पडून?" दि. आम्हाला ओसरीवर बसवून मिठाई आणायला सायकलवर गेला. सगळा घोटाळा तेवढ्या वेळात.

मास्तर आले. बुटके, चष्मा, धोतर. बसा म्हणाले, आणि आतून मुलीनेच पितळी पायाचं ताट आणून आप्पांसमोर ठेवलं. पान, चुना, सुपारी. लीजिए. आप्पांनी हात मागं घेतला. "न्हाई. बोलनी व्हायच्या आधीच सुपारी? घेतली की शब्द गेला." मास्तरांना काय कळणार. त्यांना वाटलं पाहुणा संकोचतोय, त्यांनी ताट आणखी पुढं सरकवलं. आप्पांनी मागं सरकवलं. मग मास्तरांनी आत जाऊन लाल काठाचं एक पांढरं वस्त्र आणलं आणि आप्पांच्या गळ्यात घालायला लागले. आप्पा ताडकन उभेच राहिले. "अगं, हे तर टावेल-टोपीचा आहेर करून राह्यले! दिल्यानं परस्पर हो म्हनलं का काय?"

मलाही तसंच वाटलं, हे खरं सांगते. सुपारी झाली, आहेर झाला, आता ब्राह्मण तेवढा यायचा राहिला. मी चक्क दाराकडं बघितलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. आत गेले. आत बाईमाणसाचा दबका आवाज, मग काहीच नाही. बाहेर आले ते दुसरं ताट घेऊन. ते आप्पांच्या पायाशी ठेवलं, स्वतः गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. "हमसे क्या गलती हुआ, बोलिए. माफ कर दीजिए."

आप्पांच्या तोंडून मराठीच निघालं. "उठा मास्तर. उठा हो. पोरीच्या बापानं असं करू नै." दोन्ही खांदे धरून त्यांना उठवलं. ८१ साली माझी फुटलेली सुपारी मोडली तेव्हा आप्पांनी समोरच्यांच्या पायावर टोपी ठेवली होती. मी दाराआडून बघितलं होतं. त्या लोकांनी उठवलं नव्हतं.

तेवढ्यात दि. आला. सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "आप्पा, हितं पोस्टमनला बी सुपारी देतेत. आन् हा गामोसा हाये, कुन्या बी पाहुन्याला घालतेत. न्हाई घेतलं तर त्याइला वाटतंय, आपलंच कायतरी चुकलं." आप्पा खजील. भरपाई म्हणून दोन सुपाऱ्या एकदम तोंडात टाकल्या. ओली, आंबूस वासाची सुपारी ती. आपल्या वाळक्या खांडासारखी नव्हे. जरा वेळाने कान लाल, घाम, डोळे गरगर. वरपिता मास्तरांच्या खाटेवर आडवा, मास्तरीणबाई डोक्यावर पाणी थापतायत, मास्तर वारा घालतायत. जोनाली दारात उभी राहून ओठ दाबून हसत होती. माझ्याशी नजर मिळाली आणि मीही फिसकन हसले.

नकार द्यायचा राहूनच गेला.

२७ नोव्हें.

मी स्वयंपाकघरात बसले. मास्तरीणबाईंना हिंदी अगदी मोडकं. पण मुलीला त्या ज्या आवाजात रागावतात तो कळतो. पोळपाट नाही, भाकरी नाही, भाताशिवाय काहीच नाही. जोनाली मागावर बसून पायाने खालच्या काड्या दाबते, हाताने धोटा फेकते, आणि मधेच माझ्याकडं बघून लाजते. गोड आहे. गोड असून काय करायचं, तेच कळत नाही. ती आमच्याकडं खाईल काय? बोलेल कुणाशी? दि. तर सुट्टीपुरता घरी.

आणि आपण आहोत नणंद, घरातच बसलेली. हे त्यांना दि.ने सांगितलंय का नाही, मी विचारलं नाही.

२८ नोव्हें.

निघालो. आप्पा काय बोलले? "बघू." मास्तरांना बघूचं हिंदी दि.ने सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. रस्त्यापर्यंत आले, आप्पांचा हात सोडेनात. निघताना मास्तरीणबाईंनी माझ्या पिशवीत तांदळाचे लाडू कोंबले. नको म्हटलं की आणखी. हे मात्र हुबेहूब आपलं.

मी रिक्षात बसल्यावर विचारलं, आप्पा, नकार द्यायला आल्तो ना आपण? "तू गप."

२२ डिसेंबर, अंबड

आप्पा हो म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत. गामोसा मात्र गळ्यात घालून पारावर जातात. लोक विचारतात, कुठला हो टावेल? "आसामचा." पुढं काही नाही. मी विचारलं की भाजीत मीठ कमी आहे म्हणतात.

दि.ची पलटण हलली. कुठं ते सांगता येत नाही म्हणाला. फोनवर आवाज उसना हसरा. म्हणाला, "ताई, माझं काय बी होऊ दे, तिला अडकून ठेवायचं न्हाई. आप्पाला म्हना काय ते सांगा." हे ऐकून मी आप्पांवर पहिल्यांदा ओरडले. ते पाण्याची मोटार चालू करायला गेले. नळाला पाणीच आलेलं नव्हतं.

३ फेब्रुवारी २००२

मास्तरांचा फोन. घर बघायला येतायत, दोघं. आपल्यात पण मुलीकडचे घर बघायला येतात, पण आपण पसंती कळवल्यावर. आपण तर काहीच कळवलेलं नाही. आप्पा म्हणाले, "येऊ द्या." आणि लगेच चुना आणायला बाहेर. पुढच्या भिंतीला स्वतः चुना मारला. नाही म्हणायचं असेल तर भिंत कशाला रंगवायची, हे मी विचारलं नाही. वातावरण नाजूक आहे.

१२ फेब्रु.

आले. जालन्याला स्टेशनवर मीच गेले होते. एसटीच्या खिडकीतून मास्तरीणबाई सारखं बाहेर बघत होत्या. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, उघडी रानं, टेकड्यांवर झाड नाही. अंबड येईपर्यंत बोलणं बंद झालं होतं. घरी आल्यावर पहिलं विचारलं, पोखरी कहाँ? तळं. हातपंप दाखवला, नळ दाखवला, टाकी दाखवली. टाकीचं झाकण त्यांनी स्वतः उचलून आत बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

मला आधी रागच आला. आमच्या पाण्यावर कुणी रडावं, असं काय वाईट आहे आमच्याकडं? मग आठवलं, शेजारच्यांची मुलगी अंबडहून परळीला दिली होती. तिची आईसुद्धा अशीच तिथल्या आडाकडं बघून रडली होती.

आप्पा दिवसभर त्यांच्या मागं मागं. "इधर पानी आता है, बराबर आता है. बिलकुल तकलीफ नहीं." एवढं खोटं आप्पा कधी बोललेले मी ऐकलं नव्हतं.

१३ फेब्रु., दुपार

जेवणं झाली. दोघं आतल्या खोलीत दार लोटून बोलतायत. शब्द एक कळत नाही. आवाज कळतो. ती नको म्हणतेय, तो समजावतोय. मधेच उलट होतं, तो नको म्हणतो, ती थांबते.

आप्पा ओट्यावर बसलेत, टोपी काढतात, घालतात. एवढे दिवस आपण ठरवणार आहोत असं धरून बसले होते. मला म्हणाले, "न्हाई म्हनले तर गं?"

आत्ता मास्तरीणबाई बाहेर आल्या होत्या. आप्पांकडं बघितलं नाही, सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या. मला वाटलं आता तो प्रश्न, लग्न का नाही केलं. मी तयार होऊन बसले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "तुम इधर ही रहेगा? हमारा लड़की रोएगा, तो किसके पास रोएगा?"

या घरात रडायचं झालं तर मी पाणी तापवायला न्हाणीत जाते. आवाज बाहेर जात नाही. कुणी विचारलंच तर धूर गेला म्हणून सांगते.

मी म्हणाले, मेरे पास.

कसं निघालं तोंडातून कळलं नाही. त्यांनी हात सोडला नाही, बराच वेळ. मग उठल्या, आत गेल्या, दार लोटलं. पुन्हा बोलणं सुरू झालंय, आधीपेक्षा हळू.

आप्पा विचारतायत, काय म्हनल्या त्या? मी लिहिण्यात आहे असं दाखवतेय.